नभांगण : हायड्रोजनचा जमाखर्च



या वेळचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो भोंडल्याला जमलेल्या पोरांनी निवडला. खिरापत ओळखून झाली, खाऊन झाली, पाटावरच्या हत्तीभोवतीचे फेरेही संपले, आणि गिमनाझियमच्या आठवीतली एक मुलगी आम्हाला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "काका, आमच्या टीचरनं सांगितलं, देवयानी आणि आपली आकाशगंगा एकमेकींवर आदळणार आहेत. मग आपलं काय होणार?" तिची आई म्हणाली, "तुझी उद्या मॅथची आर्बाइट आहे, त्याचं काय होणार ते आधी बघ." पण प्रश्न चांगला होता. शिवाय दीर्घिका एकमेकींत मिसळताना खरोखर काय होते याचे आकाशातले सर्वांत गाजलेले उदाहरण भोंडल्याच्या हत्तीच्याच नक्षत्रात आहे. त्याच्याकडे येऊच.

सुरुवातीलाच एक खुलासा. या पानावर दीर्घिकांचे फोटो छापण्याचा आग्रह काही वाचक करतात. मूळ फोटो कितीही सुंदर असला तरी छायाप्रत काढली की त्याचा शाई सांडल्यासारखा डाग होतो. तेव्हा शब्दांवरच भागवून घ्यावे.

आता आदळण्याचे बघू. सूर्य म्हणजे ज्वारीचा एक दाणा समजा, चारएक मिलिमीटरचा. तो दाणा रोमरच्या चौकात ठेवला, तर सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे दुसरा दाणा कुठे असेल? डार्मश्टाट, हायडेलबर्ग मागे टाकून थेट कार्ल्सरूहेच्या वेशीपाशी. मधल्या शंभरावर किलोमीटरमध्ये एकही दाणा नाही. अशी विरळ पेरणी केलेली दोन शेते एकमेकांतून आरपार गेली तर दाण्यावर दाणा आपटण्याची शक्यता किती? जवळजवळ शून्य. म्हणून दोन दीर्घिका आदळतात तेव्हा तारे आदळत नाहीत. दोन थवे एकमेकांतून उडत जावेत तसे ते निघून जातात. फक्त गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्या वाटा वेड्यावाकड्या होतात, एवढेच.

वायूचे मात्र तसे नसते. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत हायड्रोजनचे ढग पसरलेले असतात, प्रकाशवर्षेच्या प्रकाशवर्षे रुंद. दोन दीर्घिकांचे ढग समोरासमोर आले की त्यांना आरपार जाता येत नाही. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. कृष्णा आणि कोयना तिथे अगदी नाकासमोर एकमेकींना भिडतात, दोघींनाही थांबावे लागते, आणि मग काटकोनात वळून त्या एकत्र निघतात. वायूची गत अशीच होते. तो भिडतो, तापतो, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो आणि आपली चाल गमावून बसतो. चाल गमावलेला वायू दीर्घिकेच्या मध्याकडे घरंगळतो. दीर्घिकांच्या आयुष्यात पुढे जे जे घडते त्यातले निम्मे या एका गोष्टीतून निघते.

मुळात दीर्घिकेला तबकडीचा आकार तरी का येतो? तेही वायूमुळेच. सुरुवातीला ढगांचा गोळा सगळ्या दिशांनी खळबळत असतो. वर जाणारे ढग खाली येणाऱ्यांवर आपटतात आणि ती वरखाली चाल उष्णता होऊन निघून जाते. गोल फिरण्याची चाल मात्र बहुतेकांची एकाच दिशेची, त्यामुळे ती कापली जात नाही, शिल्लक राहते. म्हणून गोळा बसत बसत घावनासारखा चपटा होतो. आपला सूर्य अशा तबकडीत मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने फिरतो आहे. तरी एका फेरीला त्याला सुमारे २२ कोटी वर्षे लागतात. ज़ेंकेनबर्ग संग्रहालयात मुलांना दरवर्षी ज्यांचे सांगाडे दाखवायला नेतो, त्या डायनोसॉरांचे पहिले पूर्वज पृथ्वीवर नुकते उगवले होते, तेव्हा आपण मागच्या खेपेला इथे होतो.

आणि सर्पिल बाहू? त्यांच्यासाठी दूर जायला नको. शुक्रवारी संध्याकाळी फ्रँकफुर्टर क्रॉइत्सला जो खोळंबा होतो तो आठवा. विमानातून पाहिले तर खोळंबा जागच्या जागी दिसतो, गाड्या मात्र मागून येऊन त्यात शिरतात, रेंगाळतात आणि पुढून सुटतात. दीर्घिकेचे बाहू बहुतांशी असेच. तारे आणि वायू त्यात शिरतात आणि बाहेर पडतात, बाहू राहतो. फरक एवढाच की वायू त्या गर्दीत दाबला जातो आणि तिथे नवे तारे जन्मतात, म्हणून बाहू निळसर चमकतात. आमच्या माहितीत क्रॉइत्सच्या खोळंब्यातून अजून काही नवे जन्मलेले नाही, शिव्या सोडल्या तर.

हे सगळे कळले कसे? हायड्रोजनचा थंड अणू डोळ्यांना दिसत नाही. १९४४ साली, जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये, हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुणाने गणित मांडले की हा अणू अगदी क्वचित, सरासरी कोटभर वर्षांतून एकदा, २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडत असला पाहिजे. कोटभर वर्षांतून एकदा म्हणजे नगण्यच, पण आकाशात अणूच इतके की सगळ्यांची मिळून कुजबूज ऐकू यावी. युद्ध संपल्यावर ती ऐकण्याची शर्यत लागली. डच मंडळींनी कूटवाइक येथे जर्मन सैन्याने मागे टाकलेल्या साडेसात मीटरच्या व्युर्ट्सबुर्ग रडारची तबकडी आकाशाकडे वळवली. पण १९५० मध्ये आगीत त्यांचा ग्राहक जळाला आणि वर्ष वाया गेले. तोवर हार्वर्डमध्ये हॅरोल्ड युइन आणि एडवर्ड परसेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर एक मोठे लाकडी नरसाळे बसवले होते. विद्यार्थी हिवाळ्यात त्यात बर्फाचे गोळे मारत. त्याच नरसाळ्याने २५ मार्च १९५१ रोजी ती लहर प्रथम पकडली. काही आठवड्यांत डचांनाही ती मिळाली, आणि दोघांचे निबंध एकाच अंकात छापून आले. विमाने पाडायला बांधलेल्या यंत्राने आकाशगंगेचे बाहू मोजले जावेत, हे आम्हाला त्या काळातल्या फार थोड्या समाधानकारक गोष्टींपैकी एक वाटते.

या लहरीची गंमत अशी की वायू आपल्याकडे येत असला तर तरंगलांबी किंचित आखडते, दूर जात असला तर ताणते. स्टेशनात शिरणाऱ्या आणि सुटणाऱ्या गाडीच्या शिट्टीत जो फरक तोच. म्हणजे २१ सेंटिमीटरची रेघ किती सरकली यावरून ढगाची चाल कळते. अशा मोजमापातून एक विचित्र गोष्ट बाहेर आली. दीर्घिकेच्या काठावरचा, जिथे तारे जवळपास संपतात तिथला वायूही मध्याजवळच्या वायूइतक्याच वेगाने फिरत होता. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवायला पुरे पडेना. व्हेरा रुबिन यांनी १९७० मध्ये देवयानीच्या बाबतीत प्रकाशाच्या वर्णपटावरून हे दाखवले, आणि त्या दशकात रेडिओ दुर्बिणींनी आणखी दूरवरच्या हायड्रोजनवर ते पक्के केले. कृष्ण पदार्थ हे नाव आपण ऐकतो, त्याचा भक्कम पुरावा हा असा हायड्रोजनच्या चालीतून आला. तो पदार्थ नेमका कशाचा आहे, हे अजून कोणालाच सांगता आलेले नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चंदा जोग यांनी या विषयात आयुष्य घातले. दीर्घिकेच्या तबकडीत ताऱ्यांच्या मानाने वायूचे वस्तुमान थोडे, आपल्याकडे साधारण दहातला एखादा भाग. म्हणून गणित करताना त्याला बाजूला ठेवण्याची रीत होती. जोग आणि फिलिप सॉलोमन यांनी १९८४ मध्ये तारे व वायू असे दोन प्रवाह एकत्र धरून गणित केले आणि दाखवले की थोडासा वायूही अख्ख्या तबकडीचा तोल ढळवू शकतो, कारण तो थंड असतो, त्याची इतस्ततः चाल ताऱ्यांपेक्षा कमी असते, आणि त्यामुळे तो पटकन गोळा होतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं." आम्ही दोन दिवस विचार केला, यापेक्षा बरी उपमा सुचली नाही. पातेलेभर दुधाला चमचाभर पुरते.

त्याच दोघांनी १९९२ मध्ये दीर्घिकांच्या टकरीवर एक कल्पना मांडली. टक्कर झाली की विरळ अणुरूप हायड्रोजन आदळून प्रचंड तापतो. मात्र जे दाट, थंड ढग आधीच बनलेले असतात, ते लहान असल्याने एकमेकांना चुकवून जातात. मग भोवतीचा तापलेला वायू या ढगांना चहूबाजूंनी दाबतो. लाडू वळताना सैल मिश्रण मुठीत दाबले की कसे घट्ट होते? तसे ढगांचे बाहेरचे थर घट्ट होतात, आणि शांत असताना ज्याला कोट्यवधी वर्षे लागली असती ती तारेनिर्मिती एकदम उसळते.

आता हत्ती. सूर्य हस्त नक्षत्रात असतो तेव्हा आपण भोंडला घालतो, म्हणजे त्या दिवसांत हस्त आकाशात दिसत नाही, सूर्याबरोबर उगवून मावळते. ते पाहायचे तर एप्रिल-मेमध्ये रात्री दक्षिणेला, इथून बरेच खाली, क्षितिजापासून वीसएक अंशांवर. पाच ताऱ्यांचा पंजा. त्या पंजाच्या कडेला, सहा-सात कोटी प्रकाशवर्षे दूर, दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत आणि दोघींतून ताऱ्यांचे दोन लांबलचक धागे बाहेर फेकले गेले आहेत, झुरळाच्या मिशांसारखे. म्हणून इंग्रजीत त्यांना अँटेना म्हणतात. पूर्वी खगोलशास्त्रज्ञ असल्या आकारांना चमत्कारिक म्हणून वेगळ्या यादीत टाकत. १९७२ मध्ये आलार आणि युरी टूमरे या भावांनी त्या काळच्या संगणकावर साधे ठिपके मांडून दाखवले की दोन तबकड्या एकमेकींजवळून गेल्या तर केवळ गुरुत्वाकर्षणाने असेच धागे निघतात. आज त्या जोडीच्या मध्यभागी, जिथे वायू भिडला आहे, तिथे ताऱ्यांचे नवेकोरे पुंजके शेकड्यांनी दिसतात. गणपतीतल्या माळेवर दिवे लागावेत तसे.

अशा मिसळणीच्या शेवटी काय उरते? बहुतेक वेळा तबकडी मोडते. वायूचा मोठा भाग मध्याकडे जाऊन ताऱ्यांत किंवा कृष्णविवराच्या पोटात खर्च होतो, काही बाहेर फेकला जातो, आणि मागे उरतो तो ताऱ्यांचा अंडाकृती गोळा, ज्यात नवा तारा जन्मणे जवळजवळ बंद झालेले असते. वायू भरपूर असेल तर मात्र नवी तबकडी पुन्हा धरू शकते. सगळा प्रश्न शिल्लक किती यावर येतो.

हे सारे दुर्बिणीवाल्यांपुरते आहे असे समजू नका. सप्तर्षींतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ काढा आणि तेवढीच पुढे न्या, तिथे दोन धूसर ठिपके आहेत, एम ८१ आणि एम ८२. योहान बोडे यांना ते १७७४ मध्ये बर्लिनहून दिसले. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर दोघी शेजारणी बोलतही नसाव्यात इतक्या अलिप्त दिसतात. पण १९९४ मध्ये हायड्रोजनच्या लहरींवर काढलेला नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यात दोघींमध्ये, आणि जवळच्या तिसरीशीही, वायूचे लांब पूल निघाले. काही दशकोटी वर्षांपूर्वी त्या एकमेकींजवळून गेल्या होत्या, त्या भेटीची ही खूण. एम ८२ च्या मध्यात तेव्हापासून ताऱ्यांचा भडका उडाला आहे. जे डोळ्यांना दिसले नाही ते हायड्रोजनने सांगितले.

मग देवयानी? ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सांगितले गेले की सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर अटळ आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत ते तसेच बसले. परंतु जून २०२५ मध्ये हेलसिंकीच्या टिल सावाला आणि सहकाऱ्यांनी मोजमापांतल्या अनिश्चितता आणि शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढ धरून हजारो वेळा गणित चालवले, तेव्हा पुढच्या १,००० कोटी वर्षांत मिसळण होण्याची शक्यता निम्मी-निम्मीच निघाली. तेव्हा त्या मुलीने टीचरना नम्रपणे हे सांगावे. आणि सूर्य त्याआधीच, सुमारे ५०० कोटी वर्षांनी, स्वतःच्याच म्हातारपणाने फुगणार आहे, हेही. आईचे मॅथच्या आर्बाइटबद्दलचे मत त्याने बदलणार नाही.

आपली आकाशगंगा स्वतः मात्र अशा मिसळणीतूनच बनली आहे. युरोपच्या गाया उपग्रहाने २०१४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत ताऱ्यांच्या जागा आणि चाली मोजल्या. त्याच्या आकड्यांवर बरेचसे काम आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, हायडेलबर्गला झाले. कारण सरळ आहे. वायू आपली जुनी चाल विसरतो, तारे विसरत नाहीत. बाहेरून आलेल्या दीर्घिकेतले तारे हजार कोटी वर्षांनंतरही आपली निराळी चाल धरून असतात, जसे इथे चाळीस वर्षे काढलेले आमचे एक स्नेही जर्मन बोलू लागले की पहिल्याच वाक्यात कोल्हापूर ऐकू येते. २०१८ मध्ये अमिना हेल्मी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका आपल्यात मिसळली होती. मार्च २०२४ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या ख्याती मल्हान आणि हान्स-वाल्टर रिक्स यांनी त्याहूनही जुने, १,२०० ते १,३०० कोटी वर्षे वयाच्या ताऱ्यांचे दोन गट वेगळे काढले आणि त्यांना नावे दिली शक्ती आणि शिव. हे दोन तुकडे आकाशगंगा घडत असतानाच एकत्र आले असावेत असा त्यांचा तर्क. आकाशगंगेच्या मधल्या दांड्याच्या फिरण्यानेही तारे असे गटागटाने जमू शकतात, ही दुसरी शक्यता आहे आणि तो वाद मिटलेला नाही. वाद मिटेपर्यंत नावे तरी आपली आहेत.

आता शीर्षकातल्या जमाखर्चाकडे वळू, कारण आम्हाला खरे सांगायचे आहे ते हेच. आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतके नवे तारे बनतात. वायूची शिल्लक पाहिली तर या खर्चाने ती काही शे कोटी वर्षांत संपली पाहिजे. म्हणजे बाहेरून आवक चालू असलीच पाहिजे, काही लहान दीर्घिकांमधून, काही दीर्घिकांमधल्या विरळ वायूतून. संपूर्ण विश्वाचा हिशेब मात्र वाईट आहे. ८०० ते १,१०० कोटी वर्षांपूर्वी तारे ज्या गतीने बनत होते त्याच्या दहाव्या हिश्शावर ती गती आज आली आहे. का आली, याचे उत्तर द्यायचे तर त्या काळी दीर्घिकांत हायड्रोजन किती होता हे मोजायला हवे, आणि एवढ्या दुरून तो ऐकू येत नव्हता.

तो ऐकला पुण्याच्या माणसांनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदहून. नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्यापैकी अनेकांनी नाशिकला जाता-येता पाहिल्या असतील. गोविंद स्वरूप यांनी त्या पोलादी दोऱ्या आणि जाळीवर अशा हलक्या बांधून घेतल्या की खर्च परदेशी दुर्बिणींच्या एका अंशात बसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे केंद्रातले आदित्य चौधुरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिका निवडल्या. एकेकीचा आवाज ऐकू येणे अशक्य. पण प्रत्येकीचे अंतर दुसऱ्या दुर्बिणींनी आधीच मोजले होते, त्यामुळे प्रत्येकीची रेघ कुठे पडायला हवी ते माहीत होते. सगळ्यांच्या रेघा त्यांनी बरोबर एकावर एक बसवल्या. भोंडल्यात एक लाजरी पोर गुणगुणली तर कोणाला कळत नाही, पण सगळ्याजणी एका सुरात लागल्या की खालच्या मजल्यावरचे नाखबार वर येतात. सुमारे १०० तासांच्या निरीक्षणातून ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन बोलला.

हिशेब असा निघाला की त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे बनवण्याचा झपाटा इतका की आवक न झाल्यास तो १०० ते २०० कोटी वर्षांत संपावा. आवक पुरेशी झाली नाही आणि विश्वातली तारेनिर्मिती मंदावली. मोठा पगार, त्याहून मोठा खर्च, आणि बँकेत दोन महिन्यांचे भाडे. निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वरूप ७ सप्टेंबरला गेले होते. दूरच्या हायड्रोजनचा आवाज ऐकायचा हेच स्वप्न धरून त्यांनी ही दुर्बीण उभारली होती.

पुण्याहून आणखी एक बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. त्याच केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असतानाची एक सर्पिल दीर्घिका सापडली, नीटनेटके दोन बाहू असलेली, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे रुंद. नाव ठेवले अलकनंदा. त्या वयात दीर्घिका म्हणजे नुसता धिंगाणा असायला हवा होता, तबकडी बसायला वेळ कुठला? थंड वायू शांतपणे आत येत राहिला, की एखाद्या लहान दीर्घिकेच्या धक्क्याने बाहू उठले, हे आता तिच्या वायूची चाल मोजल्यावर ठरेल. जयंत नारळीकर हे ऐकायला हवे होते असे आम्हाला वाटून गेले. ते २० मे २०२५ रोजी गेले. इथल्या किती घरांतल्या कपाटांत त्यांची पुस्तके आहेत, ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आम्हाला चैन पडू देत नाही. २१ सेंटिमीटरची मूळ लहर म्हणजे १,४२० मेगाहर्ट्झ, आणि तिच्या भोवतीचा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कोणी प्रक्षेपण करायचे नाही. पण विश्व प्रसरण पावते. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर वाटेत ताणून दुप्पट, ४२ सेंटिमीटरची होते आणि ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास येऊन पोचते. तिथे कुंपण नाही. तिथे मोबाइल फोनचा शेजार आहे. म्हणून खोडदसारख्या जागा लागतात, डोंगरांच्या आडोशाला, शांत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधी आखलेला मार्ग याच भागातून जात होता. विजेवरच्या गाड्यांचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीला बाधेल म्हणून तो मार्ग बाजूला ठेवावा लागेल असे रेल्वे खात्याने २०२५ मध्ये सांगितले, आणि जुन्नर-आंबेगावकडचे लोक नाराज झाले. ती नाराजी खोटी नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने रेल्वेची वाट किती वर्षे पाहायची? दुर्बिणीमुळे आपल्या भागात कारखाने येत नाहीत, ही तक्रार तिथे जुनीच आहे. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या आणि आमचे मत दुर्बिणीच्या बाजूने पडले, कारण रूळ दुसरीकडे टाकता येतात, ३० तबकड्यांची ती जागा दुसरी मिळणे कठीण. पण मग त्या शेतकऱ्याला दुसरे काहीतरी ठोस मिळायला हवे, रस्ते, शीतगृहे, मुलांना शिक्षण. नुसते २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दुर्बीण दाखवून भागणार नाही. तिकडच्या कोणाचे मत वेगळे असेल तर जरूर लिहा, छापू.

इथलीही दुर्बीण बघण्यासारखी आहे. आयफेल डोंगरात एफेल्सबर्गला १०० मीटरची तबकडी १९७१ पासून उभी आहे, ३,२०० टनांची, आणि २००० सालापर्यंत पूर्ण फिरणाऱ्या दुर्बिणींत ती जगात सर्वांत मोठी होती. तीही मुद्दाम दरीत बांधलेली, गोंगाटापासून लपवून. तिने मोजलेले उत्तर गोलार्धाचे हायड्रोजन आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने मोजलेले दक्षिणेचे जोडून २०१६ मध्ये अख्ख्या आकाशाचा नकाशा झाला. फ्रँकफर्टहून गाडीने दोन-अडीच तास. पाहुण्यांसाठी वेगळी इमारत आहे, तिथे माहिती सांगतात. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, ते मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवावे. वसंत ऋतूत चार-पाच गाड्या मिळून जाण्याचा विचार आहे. येणाऱ्यांनी आमच्याकडे नाव द्यावे, डबे आपापले.

आणि एम ८१, एम ८२ पाहायचे असतील तर त्यासाठी आयफेल नको. अमावस्येच्या आसपास, फेब्रुवारी ते मे या काळात, टाउनुसमध्ये फेल्डबर्गच्या बाजूला जा. क्लायनर फेल्डबर्गवर फिजिकालिशर फेराइन या १८२४ पासूनच्या फ्रँकफर्टच्या संस्थेची वेधशाळा आहे, म्हणजे जागा चांगली असणारच. द्विनेत्री पुरे, पण हात स्थिर हवेत, गाडीच्या टपावर टेकवा. पुण्याहून सप्तर्षी मावळतात, इथून ते कधीच मावळत नाहीत, त्यामुळे घाई करू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्या. थर्मासमध्ये चहा न्या. पुढच्या अंकात मृगातला तेजोमेघ, म्हणजे आपल्याच वायूतून आत्ता जन्मत असलेले तारे.